छत्तिसाव्या वर्षीचे सव्वीस गोल



विषय बघून तुम्ही म्हणाल, हिला आज काय झालं? लोणची, पारणं, घरातले हिशोब हे सगळं सोडून ही फुटबॉलवर लिहायला लागली! पण ज्यांचं माहेर कोल्हापूरचं आहे त्यांना नवल वाटायचं नाही. आम्ही पेठेत वाढलेल्या मुली. शाहू स्टेडियमवरून परतणाऱ्या पोरांच्या आरोळ्यांवरून कोण जिंकलं ते आम्ही घरात बसून ओळखायचो. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस ही नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. लग्न होऊन इचलकरंजीला आले, चाळीस वर्षं होऊन गेली, तरी फुटबॉलवरचा वाद कानावर पडला की माझ्या हातातलं काम आपोआप हळू होतं.

आज सांगायचाय तो वाद २०१९ च्या मे महिन्यातला आहे. सुट्टी, आमरसाचे दिवस, घर मुलांनी भरलेलं. माझा धाकटा बेंगळुरूहून आला होता, कोल्हापूरचा भाचा आला होता, आणि थोरल्या जाऊबाईंची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, ती तर घरातलीच. तिघंही इटलीची लीग बघणारे. आमच्याकडे जेवण सूर्यास्ताआधी आणि यांच्या मॅच मध्यरात्री, त्यामुळे एरवी तिघंही उपाशीपोटी कुरकुरत मॅच बघायचे. आता सीझन संपला होता आणि भांडायला भरपूर वेळ होता.

वादाचं कारण होतं फाबिओ क्वालियारेला. नाव जिभेवर बसायला मला दोन दिवस लागले. हा नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारे दि स्ताबिया या गावचा. जन्म ३१ जानेवारी १९८३. इटलीतल्या सगळ्यात वरच्या लीगला सेरी आ म्हणतात. तिथे वीस संघ असतात आणि प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. २०१८-१९ च्या सीझनमध्ये हा गडी जेनोवा शहरातल्या सांपदोरिया या संघाकडून ३७ सामने खेळला आणि त्याने २६ गोल केले. लीगमध्ये सर्वाधिक! दुव्हान झापाताचे २३, पिओन्तेकचे २२. आणि त्याच वर्षी सुमारे १० कोटी युरो मोजून युव्हेंटसने आणलेल्या रोनाल्डोचे २१. सांपदोरिया काही मोठा संघ नव्हे, त्या वर्षी तो नववा आला. आणि क्वालियारेला सीझनच्या मध्यात ३६ वर्षांचा झाला होता. फुटबॉलमध्ये छत्तीस म्हणजे बहुतेकांचे बूट खुंटीला लागलेले असतात.

एवढ्यावर थांबला नाही. १९९४-९५ मध्ये बातिस्तुताने फिओरेंतिनाकडून सलग ११ सामन्यांत गोल केले होते. जानेवारी २०१९ मध्ये क्वालियारेलाने त्याची बरोबरी केली. मार्चमध्ये त्याला इटलीच्या राष्ट्रीय संघात पुन्हा घेतलं. २६ मार्चला पार्मा शहरात लिकटेनस्टाइनविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि इटलीसाठी गोल करणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला.

मग प्रश्न एकच. एवढं होतं तर हा आतापर्यंत होता कुठे?

भाचा म्हणाला, "मावशी, नुसती हवा आहे. पेनल्टी किती आहेत ते बघ. तो अकरावा सामना, उदिनेसेविरुद्धचा, त्यातले त्याचे दोन्ही गोल पेनल्टीवर. लिकटेनस्टाइनविरुद्धचे दोन्ही पेनल्टीवर. समोर फक्त गोलकीपर, मग काय कौतुक?" धाकट्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणाला, पेनल्टी मारायलासुद्धा संघाने तुझ्यावर भरवसा टाकावा लागतो. युव्हेंटसमध्ये हा बराच काळ राखीव होता, शेवटची वीस मिनिटं मैदानात यायचा. इथे जाम्पाओलो नावाच्या प्रशिक्षकाने त्याला कप्तान केलं, रोज खेळवलं, संघाची सगळी चाल त्याच्या पायापर्यंत येईल अशी बसवली. आणि नुसत्या पेनल्टी म्हणतोस, तर २ सप्टेंबर २०१८ चा नापोलीविरुद्धचा गोल आठव. चेंडू हवेत, याची पाठ गोलकडे, आणि टाचेने मारून आत! त्या गोलचं नाव जगातल्या वर्षभरातल्या उत्तम गोलसाठी फिफा देतं त्या पुश्काश पुरस्काराच्या यादीत होतं.

भाचा ऐकेना. "मग लीगच पडली असेल. बचाव करणारे ढिले झाले असतील. २०१४-१५ मध्ये लुका तोनी अडतिशीला टेकलेला असताना २२ गोल मारून पहिला आला होता की. म्हाताऱ्यांची लीग आहे ती."

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "म्हातारे कोणाला म्हणतोस रे?" आणि सगळे हसले.

मी बी.कॉम. आहे हे तुम्हाला माहीत आहे. पदवी लग्नानंतर कपाटात गेली, पण आमच्या मागाच्या कारखान्याच्या वह्या बरीच वर्षं माझ्याकडे होत्या. कोणी हवेत बोलायला लागलं की मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मी धाकट्याला म्हटलं, मोबाइलमधून वर्षवार सांग, मी लिहून घेते. किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवलं. फक्त लीगचे गोल.

२००६-०७ ला सांपदोरियाकडून १३. मग उदिनेसेकडून १२ आणि १३. २००९-१० ला नापोलीकडून ११. मग युव्हेंटस: पहिल्या अर्ध्या सीझनमध्ये १७ सामन्यांत ९ आणि जानेवारी २०११ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. परत आल्यावर ४, नंतर ९, नंतर फक्त १. २०१४-१५ ला तोरिनोकडून पुन्हा १३. त्यानंतरच्या वर्षी दोन संघ मिळून ८. २०१६-१७ ला सांपदोरियाकडून १२. २०१७-१८ ला १९. आणि २०१८-१९ ला २६.

वही पुढे केली आणि म्हटलं, आता बघा. हा कुठून तरी अचानक उगवलेला नाही. ज्या वर्षी याला नीट खेळायला मिळालं, त्या वर्षी याने अकरा ते तेरा गोल दिलेच आहेत. पंचविशीत दिले, बत्तिशीतही दिले. मधली वर्षं रिकामी दिसतात तिथे एक गुडघा आहे आणि बाकावर बसणं आहे. म्हणजे माल गोदामात होता. पण भाच्याचाही मुद्दा सोडता येत नाही, कारण तेरा कुठे आणि सव्वीस कुठे? दुप्पट झाले, तेही पस्तिशी ओलांडल्यावर. ते नुसत्या जुन्या आकड्यांवरून समजत नाही.

तुम्हाला एक सांगते. कारखान्याच्या हिशोबात घसारा नावाची गोष्ट असते. नवं मशीन घेतलं की दर वर्षी त्याच्या किमतीतून ठरावीक टक्के कमी करत जायचं. कायद्याने करावंच लागतं, त्यात चूक काही नाही. आमच्याकडे काही साधे माग असे होते की वहीत त्यांची किंमत जवळजवळ काही उरली नव्हती. पण जॉबर हाताचा चांगला असला की तेच माग दिवसभर खटखट करत कापड काढायचे. घसारा हा आपण बसवलेला अंदाज. मागाला तो कोणी वाचून दाखवलेला नसतो. फुटबॉल बघणाऱ्यांनीही असाच एक दर ठरवून टाकलाय: तिशी झाली की कापायला सुरुवात, पस्तिशीला वहीतून बाद. क्वालियारेलाने फक्त त्यांची वही चुकवली.

धाकटा म्हणाला, "आई, पण माग कधी म्हातारपणी दुप्पट कापड काढत नाही."

बरोबर होतं त्याचं. माग तसं करत नाही. माणूस करू शकतो, पण का, ते माझ्या वहीत नव्हतं.

इतका वेळ पुतणी काही बोलली नव्हती. आंब्याच्या कोयी गोळा करून ठेवत होती. ती म्हणाली, "तुम्ही त्याची पत्रांची गोष्ट कोणी वाचली नाही का?"

मग तिने सांगितलं आणि घर शांत झालं.

क्वालियारेला २००९ मध्ये नापोलीत आला तेव्हा ते त्याचं स्वप्न होतं. घरापासून हाकेवरचा संघ, लहानपणापासून मनात असलेला. पण त्याच्या आधीपासून त्याच्यामागे एक भोग लागला होता. कधीतरी त्याला इंटरनेटच्या खात्याच्या पासवर्डची काहीतरी अडचण आली आणि ओळखीतून त्याला एक पोलीस भेटला. इंटरनेटचे गुन्हे बघणाऱ्या शाखेतला. माणूस मदतीचा, घरी येऊन बसणारा. त्यानंतर निनावी पत्रं यायला लागली. हा गुंडांच्या टोळीशी संबंध ठेवतो, हा अमली पदार्थ घेतो, हा लहान मुलींशी वाईट वागतो. एकाहून एक घाणेरडे आरोप. वडिलांच्या फोनवर धमक्या. संघाकडेही तसली पत्रं. आणि हे सगळं घेऊन हा पोरगा जायचा कोणाकडे? त्याच पोलिसाकडे. तो म्हणायचा, मी तपास करतोय, पण कोणाला काही बोलू नकोस, नाहीतर तपास बिघडेल. सह्या केलेले शर्टही घेऊन जायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी घरच्यांनाच त्या माणसाचा संशय आला. पत्रं लिहिणारा तोच होता.

एकाच वर्षात, ऑगस्ट २०१० मध्ये, क्वालियारेला नापोली सोडून युव्हेंटसला गेला. नापोलीच्या माणसाला युव्हेंटस म्हणजे काय, ते आपल्या कोल्हापूरच्या मुलींना वेगळं सांगायला नको. पेठेतला पोरगा दुसऱ्या तालमीचा शर्ट घालून मैदानात उतरला की गल्लीत काय होतं ते आपण पाहिलंय. तिथे तर उत्तर आणि दक्षिण इटलीचं जुनं वैर, आणि युव्हेंटस उत्तरेतला श्रीमंत संघ. लोकांनी त्याला गद्दार म्हटलं, शिव्या घातल्या. त्याच्याकडे खरं उत्तर होतं, पण ते तोंडाबाहेर काढता येत नव्हतं. ज्या गावात आईवडील राहतात, त्याच गावात तोंड लपवून जायची वेळ आली.

पुतणीने आणखी एक सांगितलं ते माझ्या मनात राहून गेलंय. जानेवारी २०१६ मध्ये तो तोरिनोकडून खेळत होता आणि सामना नापोलीच्याच मैदानावर होता. त्याने पेनल्टीवर गोल केला आणि आनंद न करता नापोलीच्या प्रेक्षकांकडे हात करून माफी मागितल्यासारखं केलं. झालं, आता तोरिनोचे लोक चिडले. आमचा पगार घेतोस आणि त्यांची माफी मागतोस? त्यानंतर लवकरच तो तोरिनो सोडून सांपदोरियाला गेला. म्हणजे एका गावाला वाटलं, याने आम्हाला सोडलं. दुसऱ्या गावाला वाटलं, याचं मन अजून तिथेच आहे. दोघांनाही सांगता येईना.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या कोर्टाने त्या पोलिसाला दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. मग क्वालियारेलाने सगळं जाहीर सांगितलं. त्यानंतर नापोलीच्या प्रेक्षकांनी स्वतःच्या मैदानावर भलामोठा फलक लावला. तू नरकात राहून आब राखलास, तू या शहराचाच मुलगा आहेस, आपण पुन्हा भेटू, अशा अर्थाचा. हजारो लोकांनी उभं राहून एका माणसाला आपलं चुकलं म्हणायचं, हे मला तरी फार मोठं वाटलं. दशलक्षण पर्वानंतर आपण एकमेकींना उत्तम क्षमा म्हणतो. खरं सांगा, त्यात कितीदा आपल्याला नेमकं कशाबद्दल म्हणतोय ते ठाऊक असतं? या लोकांना नेमकं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर लिहिलं.

आता वहीत बघा. निकाल फेब्रुवारी २०१७ चा. त्यानंतरचा पहिला पूर्ण सीझन १९ गोलांचा, दुसरा २६ चा.

भाचा लगेच विरघळला. म्हणाला, "संपलं! मनावरचा दगड गेला, पाय मोकळे झाले." मला मोह झाला त्याच्या हो ला हो म्हणायचा. पण हिशोब शिकलेल्या माणसाने दोन आकडे शेजारी आले म्हणून एकाने दुसरा झाला असं लिहू नये. पत्रं येत होती त्याच वर्षांत याने तेरा-तेरा गोल केलेतच ना? गुडघा होता, जाम्पाओलो होता, पेनल्टी होत्या, रोज खेळायला मिळणं होतं, वयाने आलेली जागा ओळखण्याची अक्कल होती. यातलं कुठलं किती टक्के, ते कोणाला काढता येणार नाही. बहुधा त्याला स्वतःलाही नाही. तिघांचं थोडं थोडं खरं होतं. एवढंच मी म्हणेन, की पत्रांची गोष्ट कळल्यावर "हा आतापर्यंत होता कुठे" हा प्रश्न पहिल्यासारखा विचारता येईना. तो कुठेच गेलेला नव्हता. तो तिथेच होता, ओझं घेऊन खेळत होता, आणि बघणारे फक्त गोल मोजत होते.

इथपर्यंत फुटबॉल झाला. आता जे सांगते ते आमच्या थोरल्या जाऊबाईंचं आहे. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांना विचारूनच लिहितेय.

अक्कांचं गणित असं की अजूनही वाण्याने बेरीज करायच्या आधी त्या पैसे काढून हातात धरतात. शाळेत गणितात पहिल्या यायच्या. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी सोप्यात सतरंजी टाकून दहावीच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी शेजारच्या तीन मुली. दुसऱ्या वर्षी अकरा मुलं. त्यानंतर जागा पुरेना म्हणून दोन पाळ्या. ज्या मुलाला गणित म्हटलं की पोटात दुखायचं, तो अक्कांकडे येऊन पायथागोरस समजावून सांगायला लागला. आमच्या गल्लीत मग चर्चा सुरू झाली, अगदी त्या तीन पोरांसारखी. कोणी म्हणालं, मुलंच हुशार असतील. कोणी म्हणालं, फी कमी आहे म्हणून गर्दी. आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं ते हे: "अक्का, एवढं येत होतं तर आधी का नाही सुरू केलं? एव्हाना दुसरा मजला चढला असता!"

अक्का एकच उत्तर देतात. "वेळ नव्हता." आणि पुढचं गणित फळ्यावर घालतात.

वेळ का नव्हता, ते घरातल्यांना ठाऊक आहे. जवळजवळ पंचवीस वर्षं घरातल्या एका गोष्टीने त्यांना बांधून ठेवलं होतं. ती गोष्ट काय होती, ते मी इथे लिहिणार नाही. ती त्यांची आहे. एवढंच सांगते, की "हे दाराबाहेर बोलायचं नाही" असं मोठ्यांनी ठरवलं आणि अक्का बोलल्या नाहीत. लग्नकार्याला आल्या नाहीत की बायका म्हणायच्या, मोठेपणा आहे. बस्तीत आल्या तरी आरती होताच निघायच्या, तर म्हणायच्या, हिला धर्माची ओढ नाही. हळदीकुंकवाला एकदा गेल्या आणि दहा मिनिटांत निरोप आला म्हणून उठून आल्या, तर पुढच्या वर्षी बोलावणंच नाही. अक्कांनी कोणाला खुलासा दिला नाही, आणि घरात कधी आदळआपटही केली नाही. रात्री सगळं निजल्यावर पुतणीच्या शाळेच्या पुस्तकातली गणितं सोडवत बसायच्या. मी एकदा पाणी प्यायला उठले तर विचारलं, "अक्का, हे कशाला?" म्हणाल्या, "गं, इथे तरी उत्तर येतं."

म्हणून त्या दिवशी पुतणीने पत्रांची गोष्ट सांगितली तेव्हा ती फक्त इटलीतल्या माणसाबद्दल बोलत नव्हती, हे मला कळलं. धाकट्यालाही कळलं असावं. भाच्याला कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

पण मैत्रिणींनो, माझ्या मनाला टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. क्वालियारेलाने २६ गोल केले म्हणून त्याची गोष्ट इचलकरंजीच्या आमच्या सोप्यापर्यंत आली. समजा तो ३६ व्या वर्षी खेळलाच नसता. गुडघ्यामुळे तिशीत घरी बसला असता आणि गावात दुकान टाकलं असतं. त्याची गोष्ट तेवढीच खरी राहिली असती. त्याचं गप्प राहणं तेवढंच अवघड असतं. नापोलीचा फलक तर १९ आणि २६ च्या आधीच लागला होता, हे लक्षात घ्या. त्या लोकांनी गोल बघून माफी मागितली नाही, खरं कळल्यावर मागितली. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात तेच जास्त शिकण्यासारखं आहे.

आपण मात्र उलटं करतो. अक्कांचे क्लास चालले, तेव्हा लोकांना अक्का दिसल्या. ज्या बायका असंच पंचवीस वर्षं काहीतरी ओढत राहिल्या आणि साठाव्या वर्षी कुठला क्लास, कुठला मसाल्याचा व्यवसाय, कुठली पदवी असं काहीच करू शकल्या नाहीत, त्यांचं काय? त्यांच्याकडे दाखवायला सव्वीस गोल नाहीत. त्यांच्याबद्दल "मोठेपणा आहे" हाच शेवटचा शब्द राहून जातो. उशिरा फुललेल्यांच्या गोष्टी आपण एकमेकींना फॉरवर्ड करतो आणि छान वाटतं, करायलाच हव्यात. पण त्या गोष्टी वाचून जी फुलली नाही तिच्याकडे आपण आणखी कडक नजरेने बघत नाही ना, एवढं तपासावं असं मला वाटतं. ती साठीला करू शकते, मग तुला काय झालं, असं तर कोणाच्या तोंडून निघत नाही ना?

पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर भाचा म्हणेल मावशीने गोष्ट गोड करून सांगितली. अकरा सामन्यांचा तो सिलसिला बारावा होऊ शकला नाही. २ फेब्रुवारी २०१९ ला सांपदोरियाचा सामना नापोलीच्या मैदानावर होता, सांपदोरिया ३-० ने हरली आणि क्वालियारेलाला गोल मिळाला नाही. २६ गोलही पुन्हा झाले नाहीत. त्यानंतर ११, मग १३. म्हणजे आपल्या जुन्या आकड्यावर परत. तरी तो चाळिशीपर्यंत खेळला. २०२३ मध्ये सांपदोरिया खालच्या श्रेणीत गेली आणि त्याच वर्षी त्याने खेळणं थांबवलं.  मला त्यात काही कमी वाटत नाही. एखाद्या वर्षी माणसाला त्याच्या ताकदीएवढं मिळालं, ते लोकांनी पाहिलं, आणि नंतर तो आपल्या कामाला लागला.

अक्कांच्याही मागच्या बॅचमध्ये दोन मुलं गणितात नापास झाली. लोक लगेच म्हणाले, आता वय झालं. अक्कांनी त्या दोघांना उन्हाळ्यात सकाळी सातला बोलावलं, पुरवणी परीक्षेसाठी, फी न घेता. एक सुटला, एक अजून येतोय.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या ओळखीत कोणी पन्नाशी-साठीत काही सुरू केलं असेल तर "आधी का नाही" असं तिला विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे असतं, पण ते बहुधा तुम्हाआम्हाला देण्यासारखं नसतं. "सध्या काय चाललंय" एवढंच विचारा. आणि जिने काहीच सुरू केलेलं नाही, जी हळदीकुंकवाला दहा मिनिटांत उठून जाते, तिला पुढच्या वर्षी बोलावणं धाडायला विसरू नका.

जय जिनेंद्र.